बाजूनं काढलेला ताफेरे

झालं गेलं विसरून जा, असं अस्नाकेचला सांगणारे गोंदर शहरात पुष्कळ होते. आई सांगे, शेजारणी कॉफीचे तिन्ही पेले संपेपर्यंत सांगत, आणि तिची पापं ऐकणारे पाद्री अब्बा झेलेके तर महिन्याच्या महिन्याला सांगत. ती मान खाली घालून सगळ्यांचं ऐकून घेई आणि घरी येऊन ताफेरेला पहिल्यापासून शिव्या घाली. तिचं काही चुकत होतं असं निदान मला तरी वाटत नाही.

तिचे वडील मेरिगेता देस्ता चर्चच्या भिंती रंगवत. संतांची बोटं लांब काढायची आणि देवाच्या माणसाचा चेहरा समोरून, दोन्ही डोळ्यांसकट काढायचा, हे त्यांनी तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. एकच डोळा दिसेल असा बाजूनं काढायचा तो सैतान, नाहीतर येशूला विकणारा यहूदा. पुढे रंगवायला भिंती मिळेनाशा झाल्या, तेव्हा अस्नाकेच टॅब्लेटवर काढू लागली. तिची राणी माकेदा निळ्या रिक्षात बसून सोलोमन राजाच्या भेटीला निघाली होती, आणि वर्षानुवर्षं एका पायावर उभे राहिलेले संत तिनं मोबाइलच्या मनोऱ्यावर नेऊन उभे केले होते. म्हातारा आधी हसला, मग चित्र डोळ्यांजवळ धरून म्हणाला, बोटं बरोबर आलीत.

ती नोकरी करत होती ताफेरेच्या स्टुडिओत. हा गडी राजधानीत वाढलेला, साबणाच्या आणि बिअरच्या जाहिराती करून हात बसलेला. त्यानं अस्नाकेचची सात चित्रं मोठी छापून पियासा भागातल्या हॉटेलात प्रदर्शन भरवलं आणि प्रत्येकाखाली आपलं नाव घातलं. मेरिगेतांनी बोटं पाहूनच लेकीचा हात ओळखला. भरल्या दालनात ते ताफेरेपुढे वाकले आणि म्हणाले, मार्यमच्या नावानं मागतो, तिच्या नावाची एक ओळ तेवढी लिही. येशूच्या आईच्या ह्या नावानं मागितलेलं आमच्याकडे कोणी नाकारत नाही. देणं जमत नसेल, तर निदान चार गोड शब्द बोलतात.

ताफेरे हसला. "म्हातारबाबा, तुमची मुलगी काचेवर बोटं फिरवते. चित्रकार मी आहे."

मेरिगेतांनी त्यानंतर कुंचला हातात धरला नाही. मोठ्या उपासात ते गेले. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अस्नाकेच कामावर हजर. लाज सोडली म्हणून आळीनं नावं ठेवली. लाज कसली सोडते! ती डूख धरून बसली होती.

दोन वर्षांनी संधी आली. मार्यमच्या चर्चच्या नव्या सभागृहाला कापडावर छापलेलं मोठं चित्र हवं होतं, बेलायच्या गोष्टीचं. अठ्ठ्याहत्तर माणसं खाल्लेल्या बेलायनं एका तहानलेल्या महारोग्याला मार्यमच्या नावाखातर ओंजळभर पाणी दिलं आणि तेवढ्यावर तो तरला, ती गोष्ट. चित्र जो अर्पण करतो त्याला मार्यमच्या पायाशी आडवं पडलेलं दाखवतात. छपाईचा खर्च ताफेरे करणार होता, तेव्हा ती जागा त्याचीच.

अस्नाकेचनं त्याचे दोन चेहरे काढले आणि आदरानं गाशे म्हणत त्याच्यापुढे धरले. "गाशे, समोरून ठेवू की बाजूनं?"

ताफेरेनं स्वतःचं नाक निरखलं. "बाजूनंच. राजाचं नाक आहे, दिसू दे लोकांना."

"तुम्ही म्हणाल तसं."

तिनं एवढंच म्हटलं आणि त्यानं सांगितलं त्याप्रमाणे खाली ठळक अक्षरांत लिहिलं, चित्रकार ताफेरे. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली.

मार्यमच्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर पडदा बाजूला केला. बायकांनी आनंदाचं उलूलू सुरू केलं आणि ते मध्येच बंद पडलं. एका म्हातारीनं खणखणीत आवाजात विचारलं, मार्यम आईच्या पायाशी हा यहूदा कोणी निजवला? कोणीतरी खालचं नाव वाचलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं. अब्बा झेलेकेंनी ताफेरेला जवळ बोलावून एका डोळ्याचा अर्थ हळू आवाजात सांगितला, तसा तो खालचं नाव पुन्हा वाचू लागला. आपणच काढलं म्हणावं, तर स्वतःला यहूदा करून घेतलं आणि वर धंद्यातला पहिला धडाही ठाऊक नाही. नाही म्हणावं, तर खालचं नाव खोटं ठरतं, ते त्याहून वाईट.

"मी नाही काढलं, अब्बा," तो शेवटी म्हणाला. "अस्नाकेचनं काढलंय."

"आणि ती हॉटेलातली सात?"

 "तीही तिचीच," ताफेरे पुटपुटला. मग तो तिच्याकडे वळला, वाकला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं हात पसरले. "मार्यमच्या नावानं मागतो, दुसरा डोळा घाल."

अस्नाकेचनं पिशवीतून टॅब्लेट काढला आणि ती तिथंच पायरीवर बसली. खालचं नाव तिनं पुसलं आणि लिहिलं, चित्रकार अस्नाकेच, मेरिगेता देस्तांची मुलगी. मग टॅब्लेट बंद केला.

"आणि डोळा?" अब्बांनी विचारलं.

"ह्याच नावानं माझ्या वडिलांनी एक ओळ मागितली होती, अब्बा. ह्यानं दिली नाही. मीही देत नाही."

अब्बांनी तेच चित्र छापायला पाठवलं. आठवड्याभरात नवं कापड छापून आलं. ताफेरे अजून बाजूनंच आहे.