आसगावच्या मैदानात दोनदा विझलेला तारा

पवनीच्या रत्नमालाबाई सोनकुसरे लग्नांचं शूटिंग करतात. घरात पिढ्यानपिढ्या हातमाग, पण त्यांनी कॅमेरा धरला. आणि नवरा भैय्यालाल लग्नसराईत साड्यांचं दुकान सोडून त्यांचा दुसरा कॅमेरामन होतो. बाईंचं नाव आहे ते एका गोष्टीसाठी. त्यांच्या व्हिडिओत नवरीचे डोळे कधी मिटलेले दिसत नाहीत. तेवढं त्या बेमालूम कापतात. जांभई देणारा मामासुद्धा कापतात.

रक्षा मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांचं लग्नही बाईंनीच शूट केलेलं. फेब्रुवारीत त्या घरी आल्या.

"काकू, एका ताऱ्याचं शूटिंग करून द्याल का?"

"कोणत्या पिक्चरमधला?"

"आकाशातला."

मग मॅडमनी समजावलं. नेपच्यूनच्याही पलीकडे बर्फाचा एक गोळा फिरतो. आपल्या दुर्बिणीत तो दिसतही नाही. पण मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला तो एका ताऱ्यासमोरून जाणार, आणि त्याची सावली आपल्या भागावरून सरकणार. तेवढे सेकंद तारा विझेल. किती सेकंद विझला, यावरून गोळा केवढा ते कळेल. मॅडम स्वतः दिघोरीला बसणार होत्या. बाईंनी आसगावला बसायचं होतं.

मंगळवारी कॉलेजची दुर्बीण आणि तिला जोडलेला बाईंचा कॅमेरा आसगावच्या मैदानात उभा राहिला, तशी गर्दी जमली.

"कोणाची वरात हाये वो?" शकुबाई नावाच्या म्हातारीने विचारलं.

"ताऱ्याची."

"मंग जेवन कुठी हाये?"

ठरल्या वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारा दहा सेकंद विझला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या मिनिटाने तो पुन्हा विझला, दोनच सेकंद. बाईंना वाटलं, शकुबाईंचा स्टँडला धक्का लागला.

घरी येऊन त्या एडिटिंगला बसल्या आणि हाताच्या सवयीने ते दोन सेकंद काढून तिथे पेटलेला तारा बसवला. व्हिडिओ मॅडमना पाठवला. मूळ चित्रण फक्त कॅमेऱ्यातल्या कार्डावर होतं; ते तसंच घेऊन भैय्यालाल सकाळी बपेऱ्याला एका हळदीला गेला.

दुपारी मॅडमचा फोन आला. "काकू, जमलं! दिघोरीलाही एकदाच विझला, तुमच्याकडेही एकदाच. एकदम पक्कं काम!"

बाई बोलल्या नसत्या तर कोणालाही कळलं नसतं. पण त्यांनी सांगून टाकलं.

"मॅडम, रागावू नका. माह्याकडे दोनदा विझला होता."

"मग व्हिडिओत कुठे आहे?"

"मी कापला. डोळे मिटले का मी कापतोच ना."

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "काकू, ती नवरी नव्हती. ओरिजिनल कुठे आहे?"

बाईंनी तो फोन ठेवून बपेऱ्याला लावला. पलीकडे डीजे दणाणत होता.

"अवो, कार्ड पुसू नका!"

"भरलं ना ते! पुसूनच राहिलो..."

"हात काढा कॅमेऱ्यावरून!"

"मंग हळद कशात घेऊ?"

"मोबाईलात घ्या!"

"नवरीची माय मले खाईन!"

"तिले मी पाहून घेतो."

कार्ड वाचलं. मॅडमनी मूळ चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. शेजारचा तारा जागचा हलला नव्हता की मंद झाला नव्हता, म्हणजे धक्का लागलाच नव्हता. छत्तीसगडमधल्या एका हौशी माणसानेही तारा दोनदा विझताना टिपला होता. पुढच्या काही महिन्यांत तज्ज्ञांचा हिशोब आला: गोळा एक नाही, दोन आहेत, थोरला आणि धाकटा, एकमेकांभोवती फिरणारे. धाकट्याची सावली दिघोरीला चुकवून गेली होती. निरीक्षकांच्या यादीत बाईंचं नाव एकतिसावं लागलं.

त्यांना मात्र बपेऱ्याची माफी मागायची राहिली होती. अल्बम घेऊन त्या स्वतः गेल्या आणि मोबाईलातल्या हळदीचं कारण म्हणून नवरीच्या आईला तो तारा दाखवला. आईने दोन्ही वेळचं विझणं डोळे बारीक करून पाहिलं.

"म्हणजे जोडी हाये?"

"हो. धाकटा आताच सापडला."

"नाव काय ठेवलं त्याचं?"

"अजून नाही ठेवलं. नंबर देऊन राहिले म्हणे."

"अरे बापा, नंबर?" आई रुसवा विसरून पुढे सरकली. "बारसं करा म्हणा. पोरगं काय कैदी हाये?"