त्या रविवारी कोण बोललं

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती. आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींवर आम्ही मत्रहच्या बाजारातून आणलेल्या स्वस्त रजया ठोकल्या होत्या. त्या खोलीत बसून मी एका आईला फसवलं. तेव्हा मी हा शब्द वापरला नसता. आता सत्तरी उलटली आहे आणि दुसरा शब्द सापडत नाही.

आमची कंपनी शांतिसेनेच्या छावण्यांना माल पुरवायची: तंबू, जनरेटर, पाणी शुद्ध करायची यंत्रं, डबाबंद अन्न. समुद्रापलीकडच्या एका वाळवंटी देशात निरनिराळ्या राष्ट्रांच्या तुकड्या होत्या. त्यातली एक दूरच्या महासागरातल्या छोट्याशा बेटांच्या देशाची होती. आपल्या एखाद्या तालुक्यात मावेल एवढा देश. सैनिक पाठवले की सरकारला त्याचे पैसे मिळतात, पण मागाहून. बूट, जाकिटं, गाड्या आधी ज्याच्या त्याने आणायच्या. मोठ्या देशांना ते जमतं. या लोकांनी त्यासाठी एक निधी काढला होता. बायका चटया विणून विकायच्या, चर्चमध्ये ताट फिरायचं, त्यातून पोरांच्या पायांत बूट यायचे.

निधीचा खरा आधार होता रेडिओ. दर रविवारी दुपारी देशातल्या एकुलत्या एका केंद्रावरून सैनिकांचे निरोप ऐकवायचे आणि लगेच मदतीचं आवाहन करायचे. आवाज ऐकून लोकांचे डोळे ओले असतानाच ताट फिरायचं. हे निरोप आमच्याकडून जात. छावणीतली सॅटेलाइटची लाईन लष्करी कामाला राखलेली, म्हणून माल घेऊन गेलेलं विमान परत येताना निरोपांचं मेमरी कार्ड मस्कतला आणायचं. प्रत्येक सैनिक एकाच बैठकीत सगळ्या महिन्याचे निरोप बोलून ठेवायचा. आम्ही ते साफ करून दर आठवड्याला एकेक सोडायचो.

यासाठी मी एक नियम केला होता. काल, आज, उद्या म्हणायचं नाही. वार, हवा, सण, आजारपण यांचा उल्लेख नको. कोणताही निरोप कोणत्याही रविवारी चालला पाहिजे. ही युक्ती माझी, आणि जनरल मॅनेजरनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं होतं.

रेकॉर्डिंगचं काम देवगडकडचा एक टेक्निशियन बघायचा. चाळिशीचा, थट्टेखोर. मी ऑफिसात साहेब असलो तरी मच्छीबाजारात तो मला हिंग लावून विचारत नसे. एकदा हेडफोन काढून तो म्हणाला, "साहेब, ही माणसां खंय आसत ताच कळणा नाय. दिस नाय, रात नाय, घाम नाय. मेल्यार माणूस असोच बोलत असतलो."

"तू काम कर," मी म्हटलं.

"करतंय. पण बायलेक फोन करताना मी घामाचा सांगतंय."

वर्षभर ऐकून मला त्या भाषेतली दहाबारा वाक्यं येऊ लागली होती. सगळी कुशल असल्याची होती. मी बरा आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नका, निधीला हातभार लावा. त्या भाषेत दुखतंय कसं म्हणतात ते मला आजही माहीत नाही.

त्यांच्यातला एक जण रेडिओवाल्यांचा लाडका होता. 'आई' म्हणण्याआधी तो पाण्यात सूर मारणाऱ्यासारखा दीर्घ श्वास घ्यायचा आणि शेवटी हसायचा. त्याचा निरोप मुद्दाम सगळ्यात शेवटी लावत, कारण त्याच्यानंतर ताट भरून यायचं. त्याच्या आईची उत्तरंही आमच्याच हातून छावणीला जायची. ती भराभरा बोलायची, मागे कोंबड्या ओरडत असायच्या.

एका मंगळवारी तो गेला. गोळी नाही, काही नाही. पाण्याचा टँकर उतारावर उलटला. त्या देशाचा एक मेजर मस्कतमध्ये नेमलेला होता. तो स्वतः ऑफिसात आला आणि दार लावून बसला.

"आमच्या संसदेत मोहीम वाढवायचा ठराव आहे," तो म्हणाला. "सामानासाठी सरकार पैसे देणार की नाही तेही त्यातच ठरायचंय. तोवर बातमी बाहेर जायला नको. कार्यक्रम नेहमीसारखा चालू द्या."

"आणि घरच्यांना?"

"आमच्याकडे एका घरात सांगितलं की सगळ्या बेटांना कळतं."

जनरल मॅनेजर म्हणाले, "पार्टी सांगतेय तसं करायचं. खलास." निरोप सोडण्याचा पासवर्ड माझ्याकडे होता. नाही म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी नाही म्हटलं नाही.

त्याचा एकच निरोप शिल्लक होता. तो त्या रविवारी गेला. मस्कतमध्ये रविवार कामाचा पहिला दिवस. सकाळी चहा घेत मी इंटरनेटवर त्यांचं केंद्र लावलं. तिथे दुपार झालेली. त्याने श्वास घेतला, आईला हाक मारली, मी बरा आहे म्हणाला आणि हसला. त्या क्षणी तो शांतिसेनेच्या हॉस्पिटलात शवागारात होता. समोरच्या टेबलावरचा माणूस पंचिंग मशीन शोधत होता. मी चहा संपवला.

ठराव लांबला. पुढच्या रविवारसाठी निरोप नव्हता. मेजरचा फोन आला की तो बोलला नाही तर आई विचारायला येईल, ती रेडिओ केंद्रापासून जवळच राहते. यानंतरचं वाक्य माझं आहे. ते ना मेजरचं, ना मॅनेजरचं. मी म्हटलं, "जुन्यातून एक नवीन बनवता येईल."

आम्ही ते दुपारच्या सुट्टीत केलं. बाहेर धुळीचा वारा सुटला होता, समोरचं मंत्रालय दिसेनासं झालं होतं आणि ऑफिसात कुणी नव्हतं. टेक्निशियन आधी गमतीत म्हणाला, "ह्येका ओव्हरटाईम देतलात काय?" मग तो कामाला लागला. तुकडे बसवताना कुठे अडचणच येईना. हे वाक्य इथलं, ते तिथलं, सगळी एकमेकांना चिकटत गेली, जणू तो मुलगा मधल्या वर्षात कधी जागचा हललाच नव्हता. माझ्या नियमाने त्याचं जगणं आधीच काढून घेतलं होतं. उरलेलं कुठेही बसत होतं.

फक्त 'आई'च्या आधीच्या श्वासात जनरेटरचा आवाज मिसळला होता, तो जुळत नव्हता.

"कापून टाक," मी म्हटलं.

टेक्निशियनने कापला. मग त्याने खुर्ची मागे सरकवली. "साहेब, मेलेल्याक हाक मारू नये म्हणतत. तो ओ देता."

त्याने पहिल्यापासून वाजवून दाखवलं. एसीच्या घरघरीत तो मुलगा बोलला, बरा आहे म्हणाला, हसला. रजयांच्या भिंतींनी ते हसू गिळून टाकलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

रविवारी तो निरोप गेला. त्या दिवशी ताट नेहमीपेक्षा जास्त भरलं, असं नंतर मेजर म्हणाला.

दोन दिवसांनी आईचं उत्तर आलं. आम्ही खोलीत ऐकलं. कोंबड्या होत्या, झावळ्यांची सळसळ होती, पण तिचा आवाज बराच वेळ येईना. कुणीतरी माइकच्या अगदी जवळ बसून ऐकत असल्यासारखं वाटत होतं. मग तिने एकच वाक्य म्हटलं. ते माझ्या दहाबारा वाक्यांतलं नव्हतं. मेजरच्या कारकुनाने इंग्रजीत अर्थ पाठवला: 'हा कोण आहे, आणि हा श्वास का घेत नाही?'

ते उत्तर छावणीला पाठवायचं होतं. कुणाला पाठवणार? मी ते पुसलं.

त्याच आठवड्यात ठराव पास झाला आणि बातमी जाहीर झाली. पण मृत्यूची तारीख बदलली होती. मेलेला माणूस रेडिओवर कसा बोलला असं कुणी विचारू नये म्हणून त्याला त्या रविवारनंतर, सोमवारी मारलं. कबरीवर तीच तारीख कोरली. पुढे मेजर बोलता बोलता म्हणाला, "त्याची आई जरा बिघडली आहे. म्हणते, माझा मुलगा आधीच गेला होता, रविवारी बोलला तो दुसराच कुणी होता. पाद्रीबाबांनी समजावलं, बहिणीने समजावलं. ऐकत नाही."

सगळ्या बेटावर ती एकटी बरोबर होती, आणि तिला वेडी ठरवलं होतं.

काही महिन्यांनी छावणीतल्या कुणीतरी वर खरी तारीख कळवली असावी, कारण शांतिसेनेच्या मुख्यालयाकडून कंपनीकडे विचारणा आली. चुकून जुना निरोप पुन्हा गेला, असं कळवून टेक्निशियनवर ढकलायचं ठरलं. त्या पत्रावर सही माझी आहे. ते मुख्यालयाच्या फायलीतच राहिलं, बेटांवर काही कळलं नाही. त्याचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर सोडायला मी गेलो तेव्हा तो म्हणाला, "माझी चूक म्हणान लिवलात, लिवा. पण त्येका परत बोलवू नकात." त्याची चूक नव्हती. हेही इथे नोंदवून ठेवतो.

दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. पितृपक्षात आमच्या फ्लॅटमध्ये बायकोने माझ्या वडिलांसाठी खीर आणि वडे केले होते. पान वाढताना ती सहज म्हणाली, "अहो, तिथी आजचीच ना? मागे एकदा तुम्ही चुकवली होतीत." मी तिला सगळं सांगितलं.

ती बराच वेळ खिरीतला डाव फिरवत राहिली. "म्हणजे ती बाई भलत्याच दिवशी त्याला जेवू घालते," ती म्हणाली. "ते कोण खातं मग?"

"त्यांच्यात श्राद्ध नसतं गं."

"आई असते ना? दिवस तर असतो?" तिने गॅस बंद केला. "त्या माउलीला खरा दिवस सांगा. आणि ती खुळी नव्हती तेही सांगा. आपण इथून जायच्या आधी."

माझा मस्कतमधला राहण्याचा परवाना संपत आला होता. रेडिओ केंद्राकडून नंबर मिळाला. एका सकाळी मी फोन केला. बहीण शाळेत शिकवायची, तिला इंग्रजी येत होतं. मी आधी मंगळवार सांगितला, मग टँकर, मग ती खोली. ती वाक्यावाक्याला थांबून आईला सांगत होती. मागे कोंबड्या होत्या.

आईने काहीतरी विचारलं. बहीण म्हणाली, "आई विचारते, मग त्या रविवारी कोण बोललं?"

"आवाज त्याचाच होता," मी म्हटलं. "बोललो मी."

हे तिने आईला कसं सांगितलं ते मला कळलं नाही. मग आई थेट माझ्याशी बोलली, लांबलचक, अजिबात न रागावता. संपल्यावर बहीण म्हणाली, "तो निरोप अजून वाजवतात. दरवर्षी, त्या सोमवारच्या आदल्या रविवारी, निधीसाठी. आई सेट बंद करून समुद्रावर जाऊन बसते. ती म्हणते, मला सांगून उपयोग नाही, मला माहीतच होतं. रेडिओवर सांगा."

मी सांगितलं. घरीच, मोबाइलवर, इंग्रजीत. बहिणीने त्याचं भाषांतर वाचलं. प्रसारणाच्या सकाळी बायको आणि मी ऐकत बसलो. माझा आवाज तिकडून आला. तो शांत, स्वच्छ होता, एखाद्या भल्या माणसाचा वाटत होता. माझ्यानंतर निवेदकाने आवाहन केलंच नाही. नुसतं संगीत लागलं.

दोनेक तासांनी बहिणीचा फोन आला, तिथे संध्याकाळ होत आली होती. पाद्रीबाबा येऊन आईचा हात धरून बसले होते. कबरीवरचा दगड बदलायला माणूस सांगितला होता. आई जेवून झोपली होती, दिवसाउजेडी, गाढ.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "आमच्या अंगणात बाकीच्या आया आल्यात. त्यांची मुलं अजून तिकडेच आहेत. त्या विचारतायत, त्यांनी ऐकलेले निरोप खरे होते का?"

"बाकीचे सगळे खरे होते," मी म्हटलं.

तिने ते अंगणात जाऊन सांगितलं. फोन चालू होता. मी कान लावून बसलो, पण कुणी काही बोलल्याचं ऐकू आलं नाही, आणि त्या उठून गेल्याचंही नाही.