अनोळखी सहीचं सॉफ्टवेअर

मंडळी, आज सकाळी मी अप्पांच्या लिनक्स संगणकावरचं लिहायचं सॉफ्टवेअर अपडेट करत होते. जुन्यात त्यांची कन्नड जोडाक्षरं तुटत होती.

नवी आवृत्ती नेहमीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या अधिकृत भांडारात, नव्हती, म्हणून बाहेरची एक जोडली. लगेच पडद्यावर इशारा आला: सॉफ्टवेअरची डिजिटल सही ओळखता येत नाही, तरी पुढे जायचं का?

मी ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात अप्पा, आमचे निवृत्त वकील, म्हणाले, "थांब ग. अशी सही कोर्टात कोण मानेल? नमुना कुठाय?"

नमुना, म्हणजे त्या सहीची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची लांबलचक ओळ, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवर मिळाला. अप्पांनी एकेक अक्षर वाचलं, मी इशाऱ्यातल्या सहीशी ताडून पाहिलं. जुळल्यावरच अपडेट केलं. जोडाक्षरं नीट उमटली.

अप्पांनी मात्र विचारलं, "ती वेबसाइट खरी कशावरून?"

दिवसभर तेच डोक्यात आहे. तुम्ही विश्वास नेमका कुठे ठेवता?