रंग तपासणाऱ्या विमलअक्का

रंगीत प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर पडला की विमलअक्का तो चिमटीत धरून तडक गॅलरीत जायच्या. जळगावचं मे महिन्यातलं ऊन, रस्त्यावर माणसं सावली शोधत भिंतीला चिकटून चाललेली, आणि या बाई डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात केळीच्या पानाचं चित्र न्याहाळत उभ्या. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "उजेडमा दख, मंग बोल," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

आमची कंपनी केळीची रोपं विकते आणि रोपांबरोबर पानांवरच्या रोगांची रंगीत पत्रकं देते. ती मी संगणकावर तयार करायचो. छापून गावोगाव पाठवायचं काम अक्कांकडे होतं. पिवळा जरा फिका पडला तर करप्याचं पान निरोगी दिसायचं, आणि मग अक्कांचं डोकं फिरायचं. त्या रोज अमळनेरहून रेल्वेने यायच्या. एरवी ऑफिसात बोलणं अगदी शुद्ध. प्रिंटर बिघडला की सरळ अहिराणी.

छपाई बिघडली की मी टोनर बदलायला धावायचो. अक्का माझा हात धरायच्या. "एक एक रंगले इचार. बठ्ठाले एकदम नको इचारू. मंग समजी कोन रुसेल शे ते." मग निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चार वेगवेगळे कागद काढायचे आणि टेबलावर मांडायचे. तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा उमटला तर आतला एखादा रूळ खराब. उभी रेघ असली तर वाटेत काहीतरी अडकलंय. स्थळ बघायला आलेल्या सासूसारख्या त्या एकेका कागदाकडे बघायच्या. मला कंटाळा यायचा, पण त्यांच्याशेजारी उभं राहायला आवडायचंही.

एका खंडेनवमीला ऑफिसातल्या यंत्रांची पूजा झाली आणि त्यानंतर प्रत्येक चित्रावर वरपासून खालपर्यंत एक फिकट पट्टा येऊ लागला. चार कागद निघाले. पट्टा फक्त गुलाबी कागदावर होता. अक्कांनी प्रिंटरचं झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि एकदम तोंडाला पदर लावला. लेझरच्या काचेवर कुंकू सांडलेलं होतं. बाहेरून पूजा करून भागेना म्हणून कोणीतरी झाकण उघडून आतही हळदकुंकू वाहिलं होतं. साहेबांनी आवाज चढवला, "हे कोणी केलं?" अक्का शुद्ध मराठी विसरल्या. "मीच, साहेब. देवीले कुंकू चालस, याले नही चालस." मऊ फडक्याने काच पुसताना त्या इतक्या हसत होत्या की साहेबांनाही हसू आवरेना. पुढच्या वर्षीपासून कुंकू टेबलाच्या पायाला लागू लागलं.

मग एका उन्हाळ्यात ओळखपत्रं नवी करायची ठरली. मी सगळ्यांचे फोटो गॅलरीत, एकाच जागी उभं करून काढले आणि एका कागदावर छापले. अक्कांचा चेहरा पिवळा आला. "काय व्हयनं रे भाऊ याले?" म्हणत त्या कामाला लागल्या. रंग जुळवायची आज्ञा दिली, टोनर काढून परत बसवले, चार कागद काढले. चारही स्वच्छ होते. मी म्हणालो, "अक्का, फोटोच बिघडलाय, परत काढू." परत काढला. तसाच आला.

अक्का तो कागद घेऊन गॅलरीत गेल्या. मीही मागे गेलो. त्याच कागदावर माझा फोटो होता, साहेबांचा होता, शिपायाचा होता, आणि आम्ही सगळे जसे आहोत तसे दिसत होतो. अक्कांनी आपला हात उन्हात माझ्या हाताशेजारी धरला. दोन्ही हातांकडे त्या आळीपाळीने बघत राहिल्या. मी मात्र बडबडत राहिलो, मोबाइलचा कॅमेराच हलका आहे वगैरे.

"मशीन बराबर शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मीच पिवयी पडेल शे."

त्यांचं जेवण कमी झालं होतं, अंगाला खाज सुटायची. आम्ही सगळं उन्हाळ्यावर ढकललं होतं. धुळ्याला देवपुरात त्यांचा भाऊ राहतो, त्याने तिकडे तपासण्या करवून घेतल्या. कावीळ साधी नव्हती, पित्ताच्या नळीत गाठ होती. अक्का भावाकडेच राहिल्या.

मी फोन करायचो. त्या तब्येतीचं दोन शब्दांत उरकायच्या आणि विचारायच्या, "प्रिंट कशी येई राह्यनी?" प्रिंट उत्तम येत होती. मी सांगायचो, वाईट येतेय अक्का, रेघा पडताहेत, तुम्ही या. मग त्या खोल गेलेल्या आवाजात पहिल्यापासून सगळं सांगायच्या, कोणता रंग आधी, झाकण कसं उघडायचं, काच कशाने पुसायची. मी निरोगी प्रिंटरसमोर बसून "हो अक्का, हो अक्का" करत राहायचो. तो आवाज ऐकायला मी आणखी कितीही बिघाड रचले असते. पावसाळा सरायच्या आत त्या गेल्या.

त्यांचे यजमान, नाना, फोटो मागायला आले. घरात भिंतीवर लावण्याजोगा एकटीचा फोटोच नव्हता. होता तो गॅलरीतला. मी संगणकावर पिवळा कमी केला. अक्का वाटेनात. आणखी कमी केला, तर कोणी गोरीगुलाबी परकी बाई दिसू लागली. थोडा परत वाढवला. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाईचा खरा रंग काही केल्या मला आठवेना. शेवटी वेगवेगळे फोटो छापून नानांसमोर मांडले आणि म्हटलं, "नाना, यातल्या कोणत्या अक्का बरोबर आहेत, तुम्हीच सांगा."

नानांनी एकेक फोटो हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"बठ्ठा फोटू तिन्हाच शेतस," ते म्हणाले आणि तिचेच म्हणून सगळे गोळा करून त्यांनी पिशवीत ठेवले. एक माझ्यासाठी मागावा असं फार वाटत होतं. मागता आला नाही.