दोन अर्ध्यांचा कोयता

आमच्या भागातल्या कोंबड्यांनी आरवणं सोडून दिलंय आणि त्याला सर्वस्वी आमचे व्याही जबाबदार आहेत, असं मी लेखी द्यायला तयार आहे. कोंबड्यानं तोंड उघडायच्या आत हा माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून अशी काही हाळी द्यायचा, की पलीकडच्या गल्लीतलेसुद्धा चपला शोधायला लागायचे. "उठा ओ! ऊन डोक्यावर आल्यावर चालणार हाव का?" अंगात पांढरा सदरा, खाली धोतर, डोक्याला टोपी आणि पायात नातवानं टाकून दिलेले हिरवे-नारिंगी बूट, तेही नाडीशिवाय. नाडी बांधायला वाकण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात कालव्याचा पहिला पूल येतो, असं त्यांचं म्हणणं. माझी मुलगी त्यांच्या धाकट्याला, इथल्या शाळेतल्या मास्तराला दिली. तेव्हापासून मी हे सोसत आलोय, आणि व्याही पडले म्हणून तोंडावर बोलायची सोय नाही.

रोज माजलगावच्या कालव्याच्या कडेनं जायचं आणि यायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. त्याला व्यायाम म्हटलेलं त्यांना खपत नाही. व्यायाम पैलवानानं करावा, आपण चालावं. मध्यंतरी बाजारात जिम निघाली तेव्हा ते मुद्दाम आत जाऊन बघून आले. पट्ट्यावर घामाघूम होऊन पळणाऱ्या एका गड्याला त्यांनी विचारलं, "कवाधरनं पळायलास बे? पोचलास कुठं?" तो गडी दुसऱ्या दिवसापासून कालव्यावर. पित्त, गुडघे, झोप न येणं, सुनेशी न पटणं, सगळ्यावर त्यांचा एकच इलाज. एकदा बांधावरून बारा वर्षं न बोलणाऱ्या दोन सख्ख्या भावांना त्यांनी शेजारी शेजारी चालायला लावलं. आठ दिवस दोघं मुके. नवव्या दिवशी दोघं कडाकडा भांडले, अगदी आईच्या तेराव्यापासूनचं सगळं निघालं, आणि व्याही मागून आनंदानं म्हणाले, "चला, तोंड तर उघडलं!" बांध अजून तिथंच आहे, पण धाकट्याच्या मुलीच्या लग्नात थोरला वाढायला उभा होता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांच्याकडे माणसं मोजायची रीतही निराळी. उमर सगळी ऊसतोडीत गेली. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम सहसा घेत नाही. तर हे कालव्यावर उभे राहून मोजायचे, "आज आठ कोयते!" म्हणजे सोळा माणसं, दोघादोघांच्या जोड्यांनी. नवरा-बायकोच असली पाहिजेत असं नाही. वकील आणि न्हावी मिळून एक कोयता, दोन जावा मिळून एक. एकट्यानं चालायचं नाही आणि जोडीदाराशी बोलल्याशिवाय पुढचा पूल ओलांडायचा नाही, हे दोन कायदे.

मी या सगळ्याकडे खिडकीतून बघून हसत असे. पाटबंधाऱ्यात कारकून होतो. त्या कालव्याच्या फायली जन्मभर इकडून तिकडे केल्या, पण कालव्यावर पाय म्हणून ठेवला नव्हता. मग आमची ही गेली. त्यानंतर मी दाराला आतून कडी लावली ती लावलीच. मुलगी डबा आणायची, तो तसाच राहायचा. ती रडायची, आणि मला तिच्या रडण्याचंही काही वाटेनासं झालं. आज सांगताना भीती वाटते, पण मला जगावंसंच वाटत नव्हतं.

व्याही सकाळी येऊन दार वाजवायचे. मी उत्तर द्यायचो नाही. विसाव्या-एकविसाव्या दिवशी, निव्वळ ते थोबाड बंद व्हावं म्हणून, मी उठून त्यांच्यामागं कालव्यावर गेलो. आणि या गृहस्थानं सगळ्यांदेखत, दोन्ही हात वर करून, आनंदानं हाळी दिली, "साडेसात कोयते! अर्धा कोयता आला रे!"

माझ्या कानाला दडे बसले. बायको जाऊन पुरता महिना झाला नाही आणि चारचौघांत माझं अर्धेपण मोजता? तेही मुलीच्या सासऱ्यानं? तसाच माघारी फिरलो. 'व्याह्यांनी अपमान केला' अशी बातमी दुपारपर्यंत अख्ख्या सोयऱ्यांत गेली. ती मीच फोन करून दिली.

संध्याकाळी ते टॉवेल-टोपी घेऊन आले. आमच्याकडे रुसलेल्या सोयऱ्याचा मान असा करतात. टोपी मांडीवर ठेवून बसले. मग म्हणाले, "इवाई, चुकलं. पण मी सोताला बी अर्धाच म्हणतो. ही गेली त्या साली मला कुणी तोडीला न्हेलं न्हाई. समदं गाव कारखान्याला गेलतं. मागं म्हातारी-कोतारी अन् मी. बोलाया माणूस न्हाई. वाटाया लागलं, आपुन बी तिच्यामागं जावं. एक दिस उठलो अन् नेकनूरपतोर चालत गेलतो. वाटंत एकानं इचारलं, कसं काय चाललंय? लई न्हाई, एवढंच. त्याच्यावर मपला तो दिस निघाला." मग टोपी माझ्या डोक्यावर ठेवत म्हणाले, "दोन अर्ध्यांचा एक व्हतो. उद्या येताव का?"

मी गेलो. पहिल्या पुलापर्यंत बोललो नाही, म्हणून त्यांनी मला पूल ओलांडू दिला नाही. कठड्यावर बसवून ठेवलं. तिथं मी पहिल्यांदा हिच्याबद्दल बोललो आणि लहान पोरासारखा रडलो. ते धोतराच्या सोग्यानं स्वतःचं नाक पुसत बसले. घरी आल्यावर मला भूक लागली होती. मुलीनं भाकरी वाढली आणि मी दोन खाल्ल्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. दिवाळीनंतर त्यांचा गुडघा गेला. थोरल्या मुलानं पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं आणि आता तो सोडायला तयार नाही. परवा फोन आला. म्हणाले, "इथं खाली बाग हाय, झ्याक. पण लोकं कानात बोळे घालून फिरत्यात. कुणाला हाक मारावी तर ऐकू जाईना. तुमचं चालणं चुकत न्हाई ना?"

मी म्हणालो, "नाही चुकत. पण व्याही, तुम्ही या. मला तुमच्याशिवाय करमत नाही."

जन्मात कुणाला हे वाक्य म्हटलं नव्हतं, हिलासुद्धा नाही.  ते म्हणाले, "पाय टेकू द्या. येतोच."

तोवर सकाळची हाळी मी देतो. कारकुनी गळा आहे, हाळी निम्म्या गल्लीपर्यंतच पोचते. पुढच्या निम्म्यांची दारं मी एकेक करून वाजवतो.