टाकीच्या झाकणावरची चिंधी

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगते. आजी अंगठा लावायची, आई चौथीपर्यंत शिकली, बाबा सहावीतून उठून समुद्रावर गेले. मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून रोज एसटीनं अलिबागला जाऊन बी.एस्सी. केलं. म्हणून ही गोष्ट लिहायला मला इतके दिवस लागले. हिच्यात मी शहाणी ठरत नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना क्वाड बाईकवर फिरवायचं काम करत होते. जाड टायरची, चार चाकांची, वाळूत पळणारी ती गाडी. आमच्या शेठकडे अशा सहा होत्या, सगळ्या फोर-स्ट्रोक. शांत, समजूतदार गाड्या. बटण दाबलं की चालू, इंजिनातलं तेल महिन्यातून एकदा बघायचं, टाकीत पेट्रोल भरायचं, संपलं. पुण्यामुंबईच्या बायका मुलांना माझ्याच मागे बसवायच्या. "ती ताई आहे ना, तिच्याबरोबर जा," म्हणायच्या. पाच हंगाम मी तेच केलं. पदवी मिळाली, नोकरीचे अर्ज केले, कुठून उत्तरं आली नाहीत, तोवर मला वाळू आवडायला लागली होती. आपली एक गाडी असावी, आपला फलक असावा, आणि संध्याकाळी चावी कुणाच्या खिळ्याला टांगायला लागू नये, एवढंच मनात होतं.

नवी गाडी आवाक्यातली नव्हती. चौलच्या एका वाडीत जुनी क्वाड विकायची आहे असं कळलं, तेव्हा मी शेठला सांगून टाकलं.

"कुठली गाडी?" त्यानं विचारलं.

"टू-स्ट्रोक आहे."

शेठ इतका हसला की शेजारच्या शहाळेवाल्यानं वळून बघितलं. "अगं, ती गाडी नाही, ती अगरबत्ती आहे! लावायची आणि धूर बघत बसायचं. जा, जा. आठ दिवसांत परत येशील. तुझी चावी खिळ्याला तशीच ठेवतो."

ते "परत येशील" मला लागलं. पुढं जे झालं ते सगळं त्या दोन शब्दांपायी झालं असं मला वाटतं, पण आपला दोष दुसऱ्याच्या तोंडावर टाकणंही बरं नाही.

वाडीवाले काका साठीच्या पुढचे. सुपारी आणि नारळाची वाडी, मधून पाटाचं पाणी, आणि गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली ती क्वाड. नारळ वाहायला ते ती वापरत. लाल रंग उन्हानं गुलाबी झालेला. किक मारली तर तिसऱ्या किकेला पेटली आणि असा आवाज केला की सुपारीवरचे बगळे उडाले. निळसर धूर. पण काय ओढ! फोर-स्ट्रोकला मूठ पिळल्यावर ती आधी विचार करते. ही विचारच करत नव्हती. वाडीच्या बांधावरून मी एक फेरी मारली. मी तिथंच ठरवलं.

टाकीच्या झाकणाला एक लाल चिंधी बांधलेली होती, तेलानं काळी पडलेली. काका तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ मुली, हिच्यात पेट्रोल भरताना…"

"माहीत आहे काका. पाच वर्षं हेच करते."

"नाही, पण ही जरा वेगळी…"

"काका, मी सायन्सची ग्रॅज्युएट आहे."

काका थांबले. ओशाळले नाहीत, रागावलेही नाहीत. "मग तुला मी काय सांगणार," एवढं म्हणून त्यांनी गाडी टेम्पोत चढवायला हात लावला, वर सहा शहाळी माझ्या पायाशी ठेवली.

घरी आणल्यावर मी पहिलं काम केलं ते गाडी धुवायचं, आणि दुसरं, ती चिंधी ब्लेडनं कापून टाकायचं.

त्या चिंधीशी माझं जुनं भांडण होतं. बाबांची छोटी होडी होती तेव्हा तिला मागं लटकवायचं इंजिन होतं आणि त्याच्या पेट्रोलचा कॅन आमच्या पडवीत असायचा. त्या कॅनच्या कडीला आई जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. कधी बांधलेली दिसायची, कधी नसायची. मी समजत होते ती नजर लागू नये म्हणून. अकरावीत मी सायन्सला गेले, आणि घरातली सगळी अंधश्रद्धा आपणच काढायची असं डोक्यात आलं. एक दिवस ती चिंधी सोडून चुलीत टाकली. आई तेव्हा जशी ओरडली तशी ती कधी ओरडत नाही. मी तिला लिंबू-मिरची, नजर, विज्ञान यावर चांगलं पंधरा मिनिटं ऐकवलं. आईनं बोंबील साफ करता करता सगळं ऐकून घेतलं आणि दुसरी चिंधी फाडून बांधली. मी मनात म्हटलं, हिला नाही कळायचं.

पुढं बाबांनी होडी विकली, मोठ्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायला लागले, आणि कॅनही गेला.

तर क्वाड घरी आली. टाकीत काकांचं अर्धं पेट्रोल होतं. त्याच्यावर मी दोन दिवस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सराव केला. धूर बऱ्यापैकी होता. जाळी शिवत बसलेले म्हातारे खोकून दाखवायचे. मग मी पंपावरून पेट्रोल आणून टाकी भरली, आणि काय सांगू, धूर कमी झाला. आणखी एक दिवस, आणखी पेट्रोल, धूर जवळजवळ गेलाच. मला वाटलं, माझ्या हाताचा गुण. इंजिनाच्या बाजूचं तेल मी रोज बघत होते, ते काठोकाठ होतं.

आई बाजारातून रिकामी टोपली घेऊन आली ती दारातच थांबली. "आज वास न्हाय आला गाडीचा."

"सुधारली गाडी, आये."

"सुधारली?" आई हसली. "यंत्र काय पोर हाय का सुधारायला?" तेवढ्यात शेजारणीनं हाक मारली, कुणाची तरी होडी किनाऱ्याला लागली होती, आणि आई टोपली घेऊन तशीच परत गेली.

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली होती. नागावला नुसती गर्दी होणार. परवानगीचा कागद हातात आला होता, फलक रंगवून तयार होता, त्यावर मी माझ्या हातानं लिहिलं होतं: 'महिला चालक. मुलांसाठी सुरक्षित.' शुक्रवारी दुपारी ओहोटी होती, म्हणून मी गाडी नागावला नेऊन ओल्या, कडक वाळूवर शेवटची चाचणी घ्यायला निघाले.

पहिली फेरी झकास. दुसऱ्या फेरीत इंजिनाचा आवाज बारीक झाला, जसा माणसाचा घसा कोरडा पडल्यावर होतो. मूठ पिळतेय तरी गाडी मागं ओढतेय, कुणी दोरी बांधल्यासारखी. आणि एकदम कर्र झालं, मागची चाकं जाम, गाडी आडवी घसरली आणि उभी राहिली. नशीब माझं, मागं कुणाचं मूल नव्हतं. हे मी आजही झोपण्याआधी कधीकधी मनात म्हणते.

न्यूट्रलला टाकली तर चाकं फिरली. पण किक खाली जाईना. पूर्ण वजन टाकून उभी राहिले तरी जाईना. भरती सुरू झाली होती. मी एकटी ढकलतेय आणि पाणी मागून येतंय.

शेठनं लांबून बघितलं. त्यानंच बैलगाडीवाल्याला हाक मारून पाठवलं, हे मला नंतर कळलं. पर्यटकांना फिरवणारी ती बैलगाडी, शिंगांना गोंडे लावलेले बैल, आणि मागं दोरीला माझी क्वाड. सगळ्या स्टॉलांसमोरून आमची ती मिरवणूक निघाली. शेठच्या स्टॉलसमोरून जाताना तो ओरडलाच, "विझली का गं अगरबत्ती?" आणि मग जरा हळू आवाजात, "लागलं नाही ना कुठं?"

मी मान हलवली. त्याच्या मागं खिळ्याला माझी चावी खरंच तशीच होती.

टेम्पोतून घरी आले तेव्हा आई अंगणात सुकट उलथत होती. तिनं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बंद पडली?"

"जाम झाली. किक जात नाही."

"तेल?"

"तेल भरपूर आहे. रोज बघते."

"ते न्हाय गं. पेट्रोलातलं."

आई हात पुसत उठली, टाकीचं झाकण उघडलं, एक बोट आत बुडवून अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. "कोरडं हाय हे, बाय. पाण्यागत. हिला पाण्यावर पळवलीस तू."

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगते. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं, आतल्या भागांना दुसरं तेल मिळतच नाही, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते. पण पाच वर्षं फोर-स्ट्रोक चालवून हाताला सवय लागली होती, पेट्रोल टाकीत आणि तेल इंजिनात. मी रोज बघत होते ते गिअरचं तेल. होडीच्या पेट्रोलात तेल घालतात हे मला ऐकून ठाऊक होतं, पण होडी ती होडी, गाडी ती गाडी.

"झाकणाला चिंधी न्हवती बांधलेली?" आईनं विचारलं.

"होती. मी कापली."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "अगं, ती नजरेची न्हाय. तेल घातलंय, ही त्याची खूण हाय."

मग तिनं सांगितलं. होडीचं पेट्रोल घरातच मिसळायचं, आणि ते बाईनं मिसळायचं, अशी आमच्याकडे रीत. किनाऱ्यावर पुरुष गप्पा मारतात, तेल घातलं की नाही विसरतात, आणि भर समुद्रात इंजिन जाम झालं तर ढकलायला कुणी नसतं. म्हणून पहाटे आई आधी तेल ओतायची, मग पेट्रोल, मग कॅन पाळण्यासारखा हलवायचा, आणि मगच चिंधी बांधायची. चिंधी नसलेला कॅन बाबा हातातही घ्यायचे नाहीत. मी तेव्हा झोपलेली असायचे. ज्या दिवशी मी चिंधी जाळली, त्या दिवशी बाबा होडी काढून थांबले होते, आणि आईला तो कॅन परत उघडून बोटानं बघावा लागला होता.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू बोलत होतीस ना. येवढं छान बोलत होतीस. म्हटलं, कॉलेजात जाऊन पोर बोलायला शिकली."



मी परत किक मारायला गेले तर आईनं माझा हात धरला. "बस कर. ताकद लावलीस तर फाडशील आतून." तिनं मला प्लग काढायला लावला, त्या भोकातून दोन चमचे तेल सोडलं आणि वर फडकं ठेवलं. "आता हिला झोपू दे."

सकाळी आम्ही दोघींनी मिळून किक हातानं दाबली. आधी केसभर, मग बोटभर, मग ती सरकन खाली गेली. मी रडले. आईनं "गप, शेजारी बघतात" म्हटलं आणि पदर पुढं केला.

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री आमच्याच गल्लीत राहतो. त्यानं उघडून बघितलं. पिस्टनवर ओरखडे होते, पण सिलिंडर वाचला होता. बारीक पॉलिश पेपर फिरवून, नव्या रिंगा घालून त्यानं रविवारी दुपारपर्यंत गाडी उभी केली. "तेल कुणी ओतलं?" त्यानं विचारलं. आईकडे बोट दाखवल्यावर म्हणाला, "तरीच. ही किका मारत बसली असती तर भंगारातच गेली असती."

शनिवार बुडाला. रविवारी दुपारी मी नागावला गेले. आईही आली, हट्टानं, मांडीवर कॅन घेऊन रिक्षातून. कॅनच्या कडीला हिरव्या लुगड्याची चिंधी. माझ्या टाकीच्या झाकणालाही तशीच. काकांना मी त्याआधी फोन करून सगळं सांगितलं होतं. ते हसले नाहीत. "आमच्या वाडीत पूर्वी तुमच्या रेवदंड्याचा एक खलाशी कामाला होता, त्यानं ती बांधायला शिकवलं," म्हणाले. "वेगळी म्हणजे काय ते सांगायचं होतं मुली, पण तू घाईत होतीस." माफी मागितली तर म्हणाले, शहाळी न्यायला ये.

शेठच्या स्टॉलसमोरून धूर सोडत गेले. "पेटली, पेटली!" तो ओरडला. मी थांबले आणि म्हटलं, "शेठ, काल बैल पाठवलेत, थँक्यू." परवा की काल, तेही नीट आठवेना मला. तो गडबडला. मग त्यानं खिळ्यावरची चावी काढली, खिशात टाकली, आणि खिळ्याला आपली टोपी अडकवली.

पहिली फेरी मी आईला मागं बसवून मारली. आयुष्यभर तिनं नवऱ्याच्या इंजिनाचं पेट्रोल मिसळलं, पण होडीत कधी बसली नव्हती, क्वाडवर तर सोडाच. तिनं मला मागून घट्ट धरलं होतं. मला वाटलं ती घाबरली असेल. अर्ध्या वाटेवर कानाशी तोंड आणून म्हणाली, "वास बरोबर येतोय. आता पिळ."