घट्ट म्हंजी किती?

आभाळ निरभ्र, वारं बोचरं. तिसगावच्या चांगुणानं पहाटेच धारा काढल्या, मशीनवर मक्याची कुट्टी करून गोठ्यापुढं ढीग घातला. आज मुरघास भरायचा होता. कुट्टी प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत दाबायची, तोंड बांधायचं, उन्हाळ्यात गाईंना घालायची.

गेल्या साली पिशवी उघडली तर आत काळी बुरशी. चाऱ्यापायी कालवड विकावी लागली. यंदा नासला तर थोरली गाय जाणार, असं नवरा ज्ञानेश्वर बोलूनच बसला होता.

तरी गेल्या खेपेला भरताना तिनं भाषणाबरहुकूम केलं होतं. डेअरीचे अंगद सर समाजमंदिरात माईकवर म्हणाले होते, "घट्ट दाबा, हवा राहू देऊ नका. समजलं का?" पाव्हण्याला न्हाई कसं म्हणायचं? सगळे म्हणाले, "व्हय!"

आज ढीग झाकून ती समाजमंदिरात गेली, तर तेच भाषण, तेच "व्हय!" सरांची इस्त्रीची पँट बघून चांगुणाला वाटलं, ह्यानं कुट्टीला कधी हात तरी लावलाय का?

ती उठली. "सर, घट्ट म्हंजी किती?"

मागून चुलतदीर श्रीमंत म्हणाला, "वयनी, गेल्या साली तुमीच लई मोठ्यानं व्हय म्हनला हुता!"

"म्हनून तर इचारते, भावजी."

"पायानं दाबायचं, ताई. जोर लावून."

"नुसतं बोलू नका. चला, दावा."

सर तिच्या गोठ्यावर आले, मागोमाग श्रीमंतही. चांगुणानं पिशवीत कुट्टीचा पहिला थर टाकला, तसे सर बूट काढून आत उतरले. टाच रोवत कडेकडेनं तुडवायला लागले. "हवा कडंला लपती, ताई. जामखेडला आमच्या घरी हे काम माझंच हुतं."

"मग माईकवर का न्हाई सांगितलं?"

"टाचंचा जोर माईकवर कसा सांगू?"

तरी चांगुणाचा संशय जाईना. "बाहेर या. आता मी."

तिनं दुसऱ्या बाजूला तुडवलं. सरांनी मूठ दाबली, मनगटापर्यंत आत गेली. "न्हाई." पुन्हा तुडवलं. बोटं रुतली. "न्हाई, ताई." मांड्या भरून आल्या तेव्हा कुठं मूठ वरच अडली. मग तिनं स्वतःची मूठ सगळीकडं दाबून पाहिली, सरांनी तुडवलेल्या बाजूलाही. एका कोपऱ्यात बोटं गेली.

"हितं तुमचं राहिलं, सर."

श्रीमंत हसला. सर पुन्हा पिशवीत उतरले.

तसंच थरावर थर देत संध्याकाळी पिशवीचं तोंड बांधलं. ज्ञानेश्वर म्हणाला, "आता तरी झालं ना?"

"उघडल्यावर बोलू," म्हणत चांगुणानं पाटी उचलली आणि ती गोठ्यातलं शेण भरायला लागली.